ड्रायसूट पाणी अडवतो, ऊब मात्र आतल्या कपड्यांत असते

मा. संपादक महोदय,
सा. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांमधल्या स्कापा फ्लो या नैसर्गिक बंदरावरचा आणि तिथे तळाशी असलेल्या जर्मन युद्धनौकांवरचा लेख आवडीने वाचला. पहिल्या महायुद्धानंतर तिथे अडकवून ठेवलेल्या ७४ जहाजांपैकी ५२ जहाजे २१ जून १९१९ रोजी रिअर ॲडमिरल लुडविग फॉन रॉयटर यांच्या हुकमावरून त्यांच्याच खलाशांनी बुडवली, हा इतिहास मराठीत इतक्या नेटकेपणाने क्वचितच वाचायला मिळतो, त्याबद्दल लेखकाचे आणि आपले मनापासून आभार. मात्र लेखासोबतच्या तयारीविषयीच्या चौकटीत, ड्रायसूट भाड्याने मिळतो आणि तो घातला की थंडीची काळजी उरत नाही, अशा अर्थाचे जे विधान आहे, ते वाचून हे पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही. मी तारकर्लीच्या कोमट पाण्यात पहिली डाइव्ह केली, नोकरीनिमित्त ॲबर्डीनला आल्यावर थंड पाण्यातले डायव्हिंग शिकले आणि स्कापा फ्लोच्या आठवडाभराच्या सहली आजवर पाच वेळा केल्या. त्या अनुभवावरून सांगते की ड्रायसूटचे काम पाणी बाहेर ठेवण्याचे आहे. ऊब देण्याचे काम त्याच्या आत घातलेले कपडे करतात, आणि सहल सहा दिवसांची असेल तर ते कपडे कोरडे राखणे हेच डायव्हरचे रोजचे मोठे काम होऊन बसते.

ज्यांनी ड्रायसूट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्ट करते. मालवण-तारकर्लीला किंवा गोव्याला वापरतात तो वेटसूट. त्यात थोडे पाणी शिरते आणि त्याच्या फुगीर रबरातल्या हवेच्या बुडबुड्यांमुळे अंग उबदार राहते. ड्रायसूटला मानेशी आणि मनगटांशी लेटेक्स, सिलिकॉन किंवा निओप्रीनची घट्ट सील असतात, पावले सूटलाच जोडलेल्या बुटांत वा मोज्यांत बंद असतात आणि झिप जलरोधक असते. हल्ली बरेच जण जो वापरतात तो तीन थरांच्या पातळ कापडाचा असतो, आणि ऊब देण्याच्या बाबतीत तो आपल्या रेनकोटापेक्षा वेगळा नाही. थंडी थोपवते ती अंडरसूटच्या, म्हणजे ड्रायसूटच्या आत घालायच्या उबदार पोशाखाच्या, तंतूंमध्ये अडकून स्थिर राहिलेली हवा. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे त्या तंतूंमधल्या पोकळ्यांत हवेच्या जागी ओल बसली की अंडरसूट कितीही जाड असला तरी त्याचा अर्धा जीव गेलेला असतो. त्यातच ३० मीटर खोलीवर दाबामुळे सूटमधली हवा एक चतुर्थांश होते आणि छातीवरच्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरची गार हवा आत सोडावी लागते. कोरडा अंडरसूट हे सगळे सहन करतो, दमट अंडरसूट करत नाही.

ही गोष्ट मला अंगाशी आल्यावर कळली. दुसऱ्या सहलीला मी एप्रिलमध्ये गेले होते आणि पाणी ७ ते ८ अंश सेल्सिअस होते. शनिवारी स्ट्रॉमनेस बंदरात बोटीवर चढलो, रविवारपासून रोज दोन डाइव्ह ठरलेल्या होत्या, आणि माझ्याकडे एक जाड अंडरसूट आणि आत घालायला सुती टी-शर्ट एवढाच सरंजाम होता. पहिल्या दिवशी काहीच जाणवले नाही. सोमवारी संध्याकाळी अंडरसूट हाताला जरासा गार लागला, पण तो केबिनमधल्या खुंटीला टांगला आणि सकाळपर्यंत वाळेल असे धरून चालले. मंगळवारी तो घालताना पाठीला गारठा जाणवला, तेव्हाही अंगाच्या उबेने वाळेल म्हणून दुर्लक्ष केले. त्या दिवशी आम्ही ‘क्योल्न’ या बुडालेल्या जर्मन युद्धनौकेवर, सुमारे ३५ मीटरपर्यंत गेलो होतो. जहाज पाहताना उत्साहात थंडी जाणवली नाही, पण वर येताना, शरीरात मुरलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा म्हणून, ६ मीटरवर थांबावे लागले तेव्हा अंगात हुडहुडी भरली, बोटे बधिर झाली आणि रीलची क्लिप मला उघडता येईना. माझ्या साथीदाराने ती उघडून दिली. बोटीच्या शिडीवर कठडा हाताने धरवेना, म्हणून दोघांनी खांद्याला धरून वर घेतले. सूट उतरवला तर आत पाणी कुठेच शिरलेले नव्हते. जी ओल होती ती सगळी तीन दिवसांच्या घामाची होती.

त्या संध्याकाळी आमच्या गटातल्या एका ज्येष्ठ डायव्हरने माझ्या अंडरसूटची बाही उचलून मला ती गालाला लावून पाहायला सांगितली. हाताला कोरडी वाटणारी ती बाही गालाला गार आणि ओली लागली. पावसाळ्यात मुंबईच्या घरी आई दोरीवरून काढलेले लहान भावाचे कपडे असेच गालाला लावून पाहायची आणि मगच घडी घालायची, ते मला तिथे आठवले. तेव्हापासून प्रत्येक डाइव्हआधी अंडरसूटच्या काखा, पाठ आणि जांघेचा भाग मी गालाला लावून पाहते. या तीन जागा सगळ्यांत शेवटी वाळतात.

ओल कुठून येते हे समजले की निम्मे काम होते. सर्वांत जास्त ओल पाण्याबाहेरच तयार होते. बोट जागेवर पोहोचण्याच्या अर्धा तास आधी सूट चढवून, झिप बंद करून उन्हात सिलिंडर उचलत बसणारा माणूस पाण्यात उतरण्याआधीच आतून भिजलेला असतो. म्हणून सूट कमरेपर्यंत घालून ठेवावा, बाकीची जड कामे आधी उरकावीत आणि झिप शेवटी ओढावी. दुसरी ओल डोक्यावरून येते, आणि ती माझ्या लक्षात यायला फार काळ लागला. पाण्याबाहेर आल्यावर हुड काढला की केसांतले आणि हुडमधले पाणी मानेवर जमते, मानेचे सील सैल केले की ते सरळ अंडरसूटच्या कॉलरमध्ये उतरते, आणि डाइव्हभर कोरडी राहिलेली छाती डेकवर भिजते. हुड काढताच केस टॉवेलने पुसावेत, गळ्याभोवती दुसरा कोरडा टॉवेल गुंडाळावा आणि मगच सील काढावे. लांब केस असलेल्या आम्हा बायकांना तर हे पाळावेच लागते. तिसरी वाट मनगटाची. मुठीत काही घट्ट धरून हात वळवला की मनगटाच्या शिरा वर येतात, त्यांच्या बाजूला बारीक खाच पडते आणि तिच्यातून पाणी बाहीत झिरपते. आतल्या बाहीचा काठ सीलखाली अडकला असेल तर तो वातीसारखा पाणी ओढत कोपरापर्यंत नेतो. हल्ली अंडरसूटला अंगठ्यात अडकवायचा पट्टा असतो. हात आत सरकवताना बाही वर जाऊ नये म्हणून तो वापरावा, पण सील बसल्यावर अंगठ्यातून काढून बाही सीलच्या मागे नीट सारावी.

नवख्यांना घामाची ओल आणि गळतीची ओल यांत फरक करता येत नाही आणि ते चांगला सूट दुरुस्तीला पाठवतात. घामाची आणि थंड कापडाच्या आतल्या बाजूला धरलेल्या वाफेची ओल अंगभर सारखी पसरलेली असते. गळती एका जागी असते आणि तिथला कपडा पिळता येईल इतका भिजलेला असतो. डाव्या दंडाभोवती भिजले असेल तर आधी हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हकडे पाहावे, कारण फ्लीसचे तंतू किंवा केस त्यात अडकले की तो पूर्ण मिटत नाही. गोड्या पाण्याखाली धरून धुतला की बहुधा काम भागते.

आता कपड्यांविषयी. सुती कपडा अंगालगत अजिबात नको, कारण सूत घाम पिऊन बसते आणि बोटीवर ते दोन दिवसांत वाळत नाही. अंगालगत पातळ मेरिनो लोकर किंवा पॉलिस्टरचा जोड असावा, आणि असे किमान तीन जोड सोबत असावेत. ते हलके असतात, बॅगेत फारशी जागा खात नाहीत आणि रात्रीत वाळतात. पहिल्या डाइव्हचा जोड दुसऱ्या डाइव्हला घालू नये, मग तो कितीही कोरडा वाटो. घामाचा मोठा वाटा हाच थर झेलतो, आणि तो बदलत राहिला की वरचा जाड अंडरसूट दिवसेंदिवस टिकतो. जाड अंडरसूट शक्यतो दोन असावेत, आलटूनपालटून घालायला. दोन घेणे परवडत नसेल, कारण या वस्तू महाग आहेत हे मी जाणते, तर एका जाड सूटऐवजी मध्यम जाडीचा एक आणि वर घालायचे बिनबाह्यांचे जाकीट, असे दोन तुकडे घ्यावेत. दोन पातळ तुकडे एका जाड तुकड्याच्या निम्म्या वेळात वाळतात. मोज्यांच्या बाबतीत मोह आवरावा. तीन जोड मोजे कोंबून बूट घट्ट केले की हवेला जागा राहत नाही, रक्ताभिसरण मंदावते आणि पाय आणखी गार पडतात.

थर बदलले की पाण्याखाली राहता यावे म्हणून कमरेला बांधलेले शिशाचे वजनही बदलावे लागते, हे अनेक जण विसरतात. चौथ्या दिवशी थंडी वाजली म्हणून जाकीट वाढवायचे आणि कमरेचे वजन तेच ठेवायचे, तर शेवटच्या थांब्यावर रिकाम्या होत आलेल्या सिलिंडरनिशी खाली राहणे कठीण जाते. मी एका छोट्या वहीत प्रत्येक डाइव्हचे पाण्याचे तापमान, अंगावरचे थर आणि शिसे लिहून ठेवते. पाच सहलींनंतर माझ्या सामानातली सर्वांत उपयोगी वस्तू ती वही आहे.

वाळवण्याविषयी कोकणातल्या वाचकांना मी काय सांगावे! खारे पाणी लागलेला कपडा उन्हात कडक झाला तरी संध्याकाळी पुन्हा दमट होतो, कारण मीठ हवेतली ओल ओढून घेते. अंडरसूटलाही हेच लागू आहे. त्याला एकदा समुद्राचे पाणी लागले की गोड्या पाण्यातून काढल्याशिवाय तो खऱ्या अर्थाने कधीच वाळत नाही. बोटीवर गोडे पाणी मोजके असते, त्यामुळे सगळा सूट न बुडवता फक्त खारावलेला भाग ओल्या फडक्याने दोनतीनदा टिपून घ्यावा आणि टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावा. पिळू नये, पिळल्याने आतले भरण गोळा होते. बऱ्याच बोटींवर इंजिनच्या उष्णतेवर कपडे वाळवायची जागा असते. तिथे अंडरसूट उलटा करून, सगळ्या झिपा उघडून, खांद्यांवर टांगावा आणि झोपण्याआधी एकदा जाऊन सुलटा करावा. ड्रायसूट मात्र त्या उष्णतेत नेऊ नये, लेटेक्सची सील उष्णतेने आणि उन्हाने खराब होतात. तो बाहेर सावलीत, वाऱ्यावर, पाय वर करून टांगावा. केबिनमध्ये ओले काहीही नेऊ नये. चार माणसांच्या बंद केबिनमध्ये दोन ओले टॉवेल लोंबत असले तर सगळ्यांच्या कोरड्या कपड्यांना सकाळपर्यंत दमटपणा आणि कुबट वास येतो.

आणखी एक शिस्त मी कसोशीने पाळते. अंडरसूट हा फक्त डाइव्हचा पोशाख आहे. तो ऊबदार असतो म्हणून दोन डाइव्हच्या मध्ये त्यातच जेवणे, डेकवर फिरणे, ओल्या बाकावर बसणे हे सगळीकडे दिसते. सूट उतरवताच मी अंडरसूट काढून टांगते आणि वेगळा, बोटीवरचा कोरडा जोड घालते. दोन डाइव्हमधले ते दोनतीन तास हेच दिवसातले वाळवण्याचे उत्तम तास असतात आणि ते वाया घालवणे परवडत नाही.

एका विषयावर बायका संकोचाने बोलत नाहीत, म्हणून तो मांडते. थंड पाण्यात लघवी जास्त होते, आणि सूटमध्ये अडचण होऊ नये म्हणून अनेक जणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. आठवडाभर रोज दोन खोल डाइव्ह करणाऱ्याने शरीर असे कोरडे ठेवणे घातक आहे. पुरुषांसाठी लघवी सूटबाहेर सोडणारा, मांडीवर बसवलेला व्हॉल्व्ह असतो, बायकांसाठीही त्याला जोडता येणारे साधन मिळते, आणि ते नको असेल तर मोठ्यांचे डायपर वापरण्यात कसलाही कमीपणा नाही. त्यावर घट्ट बसणारी पातळ पँट घालावी, म्हणजे ओल अंडरसूटपर्यंत पोहोचत नाही.

विजेवर तापणाऱ्या जाकिटांचा प्रसार वाढतो आहे, म्हणून त्याविषयीही लिहिते. अमेरिकी नौदलाच्या प्रायोगिक डायव्हिंग केंद्राने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात असे आढळले की तळाशी उबदार आणि वर येताना गार राहिलेल्या डायव्हरला डिकंप्रेशनचा आजार, म्हणजे वर येताना शरीरात मुरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन जडणारा आजार, होण्याचा धोका वाढतो. उबेत रक्त भरभर फिरून ऊतींमध्ये नायट्रोजन जास्त मुरतो, आणि गारठ्यात रक्तप्रवाह आखडला की तो बाहेर पडायला वेळ लागतो. जाकीट सुरुवातीपासून पूर्ण क्षमतेवर चालवले आणि त्याची बॅटरी शेवटच्या थांब्यावर संपली, तर नेमकी हीच स्थिती ओढवते. जाकीट घ्यावे, पण त्याच्याशिवायही डाइव्ह पुरी करता येईल इतके कपडे अंगावर असावेत.

घरी आल्यावर अंडरसूट सौम्य साबणाने धुवावा आणि कपडे मऊ करणारे सुगंधी द्रावण त्यात अजिबात घालू नये. त्याचा थर तंतूंवर बसतो आणि घाम बाहेर टाकण्याचा त्यांचा गुण जातो. झिपला मेण, लेटेक्सला बिनसुवासाची टाल्कम पावडर, एकदोन जादा सील, चिकटवायचा गोंद आणि हातमोज्यांचा जादा जोड एवढे एका डब्यात असावे. डिंकाने चिकटवलेले सील फाटले तर दिवस जातो, कड्यावर बसणारे सील मात्र काही मिनिटांत बदलते, म्हणून नवा सूट घेणाऱ्याने कड्यांचा घ्यावा असे माझे मत आहे.

भारतातून येणाऱ्यांनी परतीचा दिवस आधीच मोकळा ठेवावा. अनेक दिवस सलग डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास थांबावे असा सल्ला दिला जातो, आणि थांबे घेत वर यावे लागलेल्या डाइव्ह झाल्या असतील तर त्याहूनही जास्त. मी पूर्ण एक दिवस थांबते. तो दिवस सामान वाळवायलाच लागतो, कारण ओला अंडरसूट आणि ओला सूट बॅगेत भरला तर वजन वाढते आणि घरी पोहोचेपर्यंत बुरशी धरते. जाकिटाच्या लिथियम बॅटऱ्या सुट्या काढून हातातल्या बॅगेत ठेवाव्यात.

आपल्या वाचकांपैकी स्कापा फ्लोला जाणारे थोडे असतील, पण आइसलंडला सहलीला जाऊन थिंगवेलिर राष्ट्रीय उद्यानातल्या सिल्फ्रा या भेगेत पोहणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या वाढते आहे. तिथले पाणी बारा महिने २ ते ४ अंश असते आणि पृष्ठभागावर तरंगायलाही बहुधा ड्रायसूटच घालतात. वरचा सूट आणि जाड अंडरसूट तिथे मिळतो, अंगालगतचे कपडे मात्र आपले आपण न्यायचे असतात. जीन्स आणि सुती बनियन घालून आलेली, अर्ध्या तासात निळी पडलेली आपली माणसे मी तिथे पाहिली आहेत. सहली नेणाऱ्यांनी निघण्याआधीच प्रत्येकाला लोकरीचा एक पातळ जोड, लोकरीचे मोजे आणि नंतर बदलायला कोरडे कपडे घ्यायला सांगावे. आपणही ती चौकट पुढच्या रविवारी दुरुस्त करून छापावी, आणि जागा कमी असेल तर थंडीची काळजी उरत नाही हे एक वाक्य तरी मागे घ्यावे, ही आग्रहाची विनंती.

आपली नियमित वाचक,
ॲबर्डीन, स्कॉटलंड